डाव्या बुटाचा अंक

गुरुवारी चारच्या ठोक्याला शेवटचं पान खाली गेलं पाहिजे. त्या कचेरीत पोलिसांनी न केलेला एवढा एकच नियम उरला होता.

कचेरी म्हणजे छापखान्याच्या डोक्यावरची एक लांबट खोली. दोन टेबलं, एक भिंतीवरचं घड्याळ आणि जमिनीला पाडलेलं चौकोनी भोक. भोकातून दोरीला बांधलेला पत्र्याचा ट्रे खाली जायचा. खाली मशीनवाले काका उभे असायचे. ते ट्रेतलं पान उचलायचे आणि वर बघून ओरडायचे, "आलं!" एकदा खाली उतरलेलं पान परत वर येत नसे. काकांपुढे संपादकांनीही हात टेकले होते.

वर टेबलाशी बसून चित्रं काढायची ती शाईताई. तिचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. ती डावखुरी. डावखुऱ्या माणसाने डावीकडून उजवीकडे शाई भरली तर तळहात ओल्या रेघांवरून फिरतो आणि चित्राचा पार चिखल होतो. म्हणून तिने पहिल्यापासून उलटी सवय लावून घेतली होती. शाई उजव्या कडेपासून सुरू करायची आणि सरकत सरकत डाव्या कडेला संपवायची. तरीही करंगळीपासून मनगटापर्यंत हात काळा तो काळाच.

साप्ताहिकाचा नायक होता कप्तान कोठडी. हजार वर्षांनंतरचं, काचेच्या घुमटाखालचं शहर, आणि त्यात हा आडदांड शिपाई. याच्या पाठीवर चक्क एक लोखंडी कोठडी बांधलेली. गुन्हेगार दिसला की धर मानगूट आणि टाक पाठीवर. न्यायालय नाही, वकील नाही. अपील करायचं तर कप्तानाकडेच करायचं, तेही दुपारी दोन ते दोन वाजून एक मिनिटापर्यंत. त्या शहरात शिंकायला परवाना लागायचा आणि आपली सावली शेजाऱ्याच्या दारात पडली तर दंड व्हायचा. संपादक हे सगळं लिहायचे तेव्हा हसून हसून त्यांचा चष्मा घसरायचा. वाचकही पोट धरून हसायचे. पोलिसी अरेरावीची टिंगल करायला काढलेलं चित्रकथेचं साप्ताहिक ते, लोकांना त्यातली गंमत बरोबर कळत होती.

एका माणसाला ती कळली नाही. तो माणूस म्हणजे शहराचे नवे पोलीसप्रमुख. त्यांना सगळे मोठे साहेब म्हणत.

मोठे साहेब अंक वाचून हसले नाहीत. त्यांना अंक आवडला! आता याला काय म्हणावं? आधी शिपायांची शिरस्त्राणं कप्तानासारखी उंच झाली, इतकी की बसमध्ये चढताना प्रत्येकाचं डोकं दारावर आपटायचं. मग अठ्ठ्याऐंशीव्या अंकातला रांगेत मागच्याशी न बोलण्याचा नियम खराखुरा भिंतीवर लागला. दर शुक्रवारी सकाळी मोठे साहेब चहाबरोबर अंक वाचत, कारकून प्रत्येक चौकट भिंग लावून बघत, आणि काही पसंत पडलं की दुपारपर्यंत हुकूम निघे. कचेरीतल्या लोकांचं हसू कधीच पळालं होतं. साप्ताहिक बंद करावं म्हटलं तर बंद करण्यावरही बंदी आली होती.

आणि मग शिट्टीचं प्रकरण झालं. ते मात्र शाईताईच्या जिवाला लागलं.

कारण ती कल्पना तिची होती. एकदा चहा पिता पिता ती सहज म्हणाली होती, "शिट्टी वाजवणाऱ्याच्या मनात नक्की काहीतरी चाललेलं असतं, असं कप्तान म्हणाला तर?" संपादकांनी टाळी दिली. अठ्ठ्याण्णवाव्या अंकात कप्तानाने तेच वाक्य म्हणून एका म्हाताऱ्याला पाठीवर टाकलं. त्याच दुपारी चौकाचौकात तेच वाक्य लागलं, खाली मोठ्या साहेबांची सही.

शाईताईचा धाकटा भाऊ शाळेत खेळाचा मास्तर. मुलं त्याला शिट्टीसर म्हणायची. गेल्या रविवारी ऐन सामन्यात एका पोराने दुसऱ्याच्या पायात पाय घातला आणि सरांनी शिट्टी मारली. मैदानाच्या दोन बाजूंनी दोन शिपाई आले. बावीस पोरं बघत राहिली आणि सरांना उचललं. सुनावणी वगैरे काही नाही. येत्या सोमवारी त्याला इतर चारशे जणांबरोबर दूरच्या सुधार वसाहतीत हलवणार होते. तिथून आजवर कुणी परत आलेलं नव्हतं, साधं पत्रही आलेलं नव्हतं.

म्हणजे मधे एकच शुक्रवार होता. एकच अंक, एकशे सातवा. आपल्या हाताने भावाला आत टाकलंय, तर याच हाताने बाहेर काढीन, असं शाईताईने ठरवलं. तिचा राग अनावर झाला होता, आणि त्यातला बराचसा स्वतःवरचाच होता.

तर त्या गुरुवारी दुपारी एक वाजता सात पानं खाली गेली होती आणि आठवं राहिलं होतं. तिने पेन्सिलीने सहा चौकटी काढल्या. कप्तान कोठडीतल्या माणसांकडे वळून बघतो, त्याला दया येते, तो दार उघडतो. पान तिने शिक्केसाहेबांपुढे सरकवलं.

शिक्केसाहेब म्हणजे तपासणीसाठी मुख्यालयाने कचेरीत आणून बसवलेले अधिकारी. त्यांचं काम एवढंच, की पान पेन्सिलीत असताना वाचायचं आणि कोपऱ्यात जांभळा शिक्का मारायचा. शिक्का बसला की मगच शाई. माणूस वाईट नव्हता हो. पण कप्तानाचा असा भक्त जगात दुसरा नसेल. एकशे सहाच्या एकशे सहा अंक त्यांना पाठ होते.

"ताई, एक शंका," ते म्हणाले आणि त्यांचा आवाज कापला. "कप्तानाला दया?"

"एकदाच. माणूसच आहे तो."

"अंक तेविसावा, पान चौथं. 'दया ही सर्दीसारखी असते, ती दुसऱ्याकडून लागते.' असं म्हणाले होते कप्तान. म्हणून तर ते नाकावर जाळी लावतात. तुम्हीच काढली होतीत ना जाळी?"

"काढली होती," शाईताई म्हणाली. काय करणार, काढलीच होती.

"मग त्यांना दया लागेलच कशी? नाही ताई, या पानावर शिक्का मारला तर मला रात्री झोप लागायची नाही." त्यांनी पान परत सरकवलं. डोळ्यांत खरोखर पाणी होतं.

संपादकांच्या तोंडचं पाणी पळालं. ते शाईताईच्या कानाशी येऊन कुजबुजले, "जुनंच एखादं पान देऊ या का? तुमच्या भावाचं आपण दुसरं काहीतरी बघू."

"दुसरं काय बघणार तुम्ही?"

संपादक जाऊन खिडकीशी उभे राहिले. घड्याळात दोनला दहा कमी होती.

शाईताईने कोरा कागद घेतला, पण हात चालेना. कप्तान आजारी पडतो? शिक्केसाहेब औषधाचा अंक काढून दाखवतील. कोठडीचं कुलूप गंजतं? कुलूप बाराव्या अंकापासून न गंजणारं होतं, तेही तिनेच सुचवलं होतं. दोन वर्षं आपण या माणसाला चहूबाजूंनी इतकं पक्कं बांधून ठेवलं की आता कुठे फटच उरली नाही, हे तिला दिसत होतं. तिला रडू यायला लागलं. तेवढ्यात शिक्केसाहेबांनी जेवणाचा डबा उघडला आणि त्याचं झाकण तिच्या कागदावर ठेवलं. मग एक वाटी ठेवली. मग कोपर.

"अहो साहेब," ती वैतागून म्हणाली, "तुमच्या डब्याने माझ्या टेबलावर अतिक्रमण केलंय!"

शिक्केसाहेब ताडकन उठले. घास हातातच राहिला.

"अतिक्रमण?" ते म्हणाले. आणि काय सांगावं, त्या माणसाचा चेहरा एकदम उजळला. "ताई, मी अकरा वर्षं अतिक्रमण विभागात होतो. काय दिवस होते ते! आज्ञा एकच, हाकलून द्या. कोण, कुठला, कशासाठी बसला, काही विचारायचं नाही. जागा कुणाची आणि बसलाय कोण, बस्स!" त्यांनी झाकण, वाटी आणि कोपर भराभर उचललं. "माफ करा, माझ्याच हातून झालं."

शाईताई त्यांच्याकडे बघतच राहिली.

"साहेब," ती हळूच म्हणाली, "कप्तानाच्या कोठडीत जागा किती?"

"चौदा माणसं. अंक तिसरा."

"आणि ती जागा कुणाची? म्हणजे मूळ कुणासाठी बांधली?"

"शहराच्या महाभयंकर शत्रूंसाठी. पहिला अंक, पहिली चौकट."

"मग त्या जागेवर शिंकणारे, शिट्टी मारणारे येऊन पसरलेत, ते कोण?"

संपादक खिडकीपासून वळले. शिक्केसाहेबांनी हातातलं झाकण खाली ठेवलं.

"अतिक्रमण," ते पुटपुटले. मग गरजले, "घोर अतिक्रमण! गंभीर गुन्हेगारांच्या राखीव जागेवर हे फुटकळ लोक फुकट बसलेत! आणि कप्तान गप्प?"

"गप्प कसला बसतोय," शाईताई म्हणाली. पेन्सिल तोवर धावायला लागली होती. "कप्तानाचं डोकं फिरतं. तो कोठडी जमिनीवर आदळतो."

"आदळतो!"

"दार उपटतो. एकेकाची मानगूट धरतो आणि..."

"हाकलून देतो!" शिक्केसाहेबांनी टेबलावर मूठ आपटली. "लाथ मारून! ताई, लाथ हवीच. आणि म्हणतो, म्हणतो..." ते खोलीच्या मधोमध आले, पोट आत घेतलं, बोट रोखलं. "'कोठडी काय तुमच्या मामाचं घर आहे? चला, निघा! पुन्हा इथे दिसलात तर याद राखा!'" आणि त्यांनी कचऱ्याच्या टोपलीला अशी लाथ हाणली की टोपली संपादकांच्या पायांत जाऊन पडली.

"तसेच थांबा!" शाईताई ओरडली. "पाय वरच ठेवा!"

शिक्केसाहेब एका पायावर उभे राहिले आणि तिने त्यांना कागदावर उतरवून घेतलं. अकरा वर्षांचा सराव होता, पाय जराही हलला नाही. मघाशी दार उघडायला जो माणूस तयार नव्हता, त्यालाच आता दार उपटून हवं होतं. आतली माणसं दोन्ही प्रकारांत सुटणारच होती. पण एकात हळू बोलायचं होतं आणि दुसऱ्यात ओरडायचं होतं, आणि शिक्केसाहेबांना तेवढाच फरक दिसत होता.

तीनला पाच कमी असताना जांभळा शिक्का बसला. बसला तो इतक्या जोरात, की दौतीतली शाई हिंदकळली.

आता सहा चौकटी आणि एक तास. शाईताईने कुंचला बुडवला. पहिली चौकट, कोठडी आदळते. दुसरी, दार उपटलं जातं. तिसऱ्या चौकटीत साडेतीन झाले आणि खाली काकांनी आधीची सात पानं छापायला मशीन सुरू केलं. जमीन थरथरायला लागली. थरथरत्या जमिनीवर बारीक रेघ मारायची म्हणजे काय असतं, ते ज्याने केलं त्यालाच ठाऊक. ती दोन धक्क्यांच्या मधल्या क्षणात रेघ मारायची, धक्क्याला हात उचलायची, पुन्हा मारायची. चौथी चौकट झाली, पाचवी झाली.

"चारला चार कमी!" संपादक म्हणाले. त्यांनी ट्रेची दोरी हातात धरली होती.

सहावी चौकट सगळ्यांत मोठी. कप्तान लाथ मारतोय आणि सुटलेली माणसं पाठमोरी पळतायत. सगळ्यांत पुढे, मोठा काढलेला, एक सडपातळ माणूस. तो कुणासारखा दिसतो हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. उजव्या कडेपासून ती डावीकडे सरकत आली. मागची गर्दी, धूळ, मग त्या माणसाचा उजवा हात, पाठ, उजवा बूट.

"आता थांबू नका, खाली पाठवा!" काका भोकातून ओरडले. घड्याळाचा ठोका पडला. संपादकांनी तिच्या हाताखालून पान ओढलं, खोडरबराने पेन्सिल पुसली आणि ट्रे सोडला.

"आलं!"

शाईताई खुर्चीत मागे रेलली. हात दुखत होता, पाठ मोडली होती, आणि ती हसत होती. मग एकाएकी तिचं हसू थांबलं.

"बूट," ती म्हणाली.

"कसला बूट?"

"पुढच्या माणसाचा डावा बूट राहिला. शाई भरलीच नाही. पेन्सिल होती ती तुम्ही पुसलीत." तिने भोकात डोकं घातलं. "काका! एक मिनिट पान द्या!"

मशीनच्या आवाजात काकांनी फक्त मान हलवली, उजवीकडून डावीकडे.

शुक्रवारी सकाळपासून ती खिडकीशी बसून होती. दहा वाजले, अकरा वाजले. मोठ्या साहेबांचा चहा कधीच झाला असणार. बारा वाजले तरी भिंती कोऱ्या. एक वाजता संपादकांनी तिसऱ्यांदा जिन्यावरून डोकावून पाहिलं. दोन वाजता शाईताईने मनाशी कबूल केलं की आपलं चुकलं, आपण उगाच आशेला लागलो. आणि अडीचला खाली रस्त्यावर शिडी लावल्याचा आवाज झाला.

ती जिना उतरली नाही, जवळजवळ कोसळलीच. शिपाई ताजा कागद चिकटवत होता. एक, फुटकळ गुन्हेगारांनी गंभीर गुन्हेगारांच्या राखीव जागेवर केलेलं अतिक्रमण तात्काळ हटवण्यात येत आहे. दोन, संबंधितांना उद्या सकाळी नऊ वाजता हाकलून देण्यात येईल.

शाईताईने अनोळखी शिपायाचा हात धरला. तिला नाचावंसं वाटत होतं. शिपायाने शांतपणे हात सोडवून कागदाचं खालचं टोक चिकटवलं. तीन, हाकलण्यापूर्वी प्रत्येकाचा डावा बूट जमा करून घेण्यात यावा.

"डावा बूट कशाला हो?" बाजूचा एक माणूस म्हणाला.

शाईताईने काळा हात तोंडावर घट्ट दाबून धरला.

शनिवारी तुरुंगाच्या फाटकाबाहेर चारशे घरांची माणसं जमली होती. नऊ वाजता फाटक उघडलं. दोन बाजूंना शिपाई उभे, प्रत्येकाच्या हातात एकशे सातवा अंक. त्यात बघून ते एका सुरात ओरडत होते, "कोठडी काय तुमच्या मामाचं घर आहे? चला, निघा!" आणि हवेत लाथा मारत होते. लाथ मारताना काही जणांची उंच शिरस्त्राणं खाली पडत होती. आणि त्यांच्यामधून माणसं येत होती. म्हातारे, बाया, एक विद्यार्थी. एक पाय खटकन पडायचा, दुसरा मुकाट्याने. फाटकाच्या आत डाव्या बुटांचा ढीग छातीपर्यंत चढला होता.

शिक्केसाहेब गर्दीतून वाट काढत तिच्याजवळ आले. आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता. "ताई, तो बूट! काय कल्पना काढलीत! मला परवा शिक्का मारताना दिसलंच नाही. मोठे साहेब म्हणाले, केवढी दूरदृष्टी. सुटलेला माणूस एका बुटावर पळून पळून कुठे पळेल? शेवटी आमच्याच हाताशी राहणार."

शाईताईचं अंग शहारलं. पण तिला बोलायला वेळ मिळाला नाही, कारण तेवढ्यात तो दिसला. दाढी वाढलेली, सदरा चुरगळलेला, डाव्या पायात फाटका मोजा. खडीवरून लंगडत येत होता. तिने त्याला कवटाळलं आणि गर्दीत मोकळेपणी रडली.

"ताई," तो तिच्या कानाशी म्हणाला, "आत त्यांनी आम्हाला चित्र दाखवलं. बघताक्षणी ओळखलं मी. दोन्ही बूट काढायला काय झालं होतं गं तुला?"

"चार वाजले होते रे," ती म्हणाली, आणि रडता रडता हसायला लागली. तोही हसला. मग सवयीने त्याचा हात गळ्यातल्या दोरीकडे गेला. दोरी होती, शिट्टी नव्हती.

पुढच्या गुरुवारी तो तिच्याबरोबरच कचेरीत आला. शाळेने अजून कामावर घेतलं नव्हतं. एका पायात बूट आणि एका पायात चप्पल घालून तो तिच्या टेबलाशी बसला, रेघा तपासायला. असं काही राहिलं तर सांग, अशी तिने त्याला ताकीदच दिली होती.

शेवटच्या पानावर कप्तान नेहमीसारखा शहरातून चालला होता. पाठीवर कोठडी, कोठडीला कुलूप, कुलपावर आकडा. पेन्सिलीत सगळं जागच्या जागी होतं. शिक्केसाहेबांनी कौतुकाने पाहिलं, "वा, कुलपाचा आकडासुद्धा बरोबर," म्हणाले, शिक्का मारला आणि डबा धुवायला खाली गेले.

शाईताईने कुंचला बुडवला. उजवीकडून कप्तानाचं नाक आलं, नाकावरची जाळी, मग शिरस्त्राण, छाती, पट्टे, पाय. या वेळी घाई नव्हती. मशीनही बंद होतं. पाठीच्या रेघेपर्यंत ती आली आणि तिने कुंचला पाण्यात खळबळून धुतला. मग खोडरबर घेऊन डावीकडची पेन्सिल पुसायला लागली. घड्याळात साडेतीनच वाजले होते.

भाऊ खुर्चीतून पुढे वाकला. "ताई, कोठडी राहिली."

"राहू दे," ती म्हणाली आणि दौतीचं झाकण लावलं.

त्याने आधी घड्याळाकडे आणि मग आपल्या चपलेकडे पाहिलं. मग उठला, चपलेचा आणि बुटाचा आवाज करत भोकापाशी गेला, आणि ट्रेची दोरी त्याने स्वतःच सोडली.

"आलं!" काका खालून ओरडले.